दगडी ओळीचे मामाजी

माणसाबद्दल कितीही वाईट बोला, शांतपणे ऐकून घेतील, पण भिंतीबद्दल एक वाकडा शब्द खपवून घेणार नाहीत, असे अख्ख्या अमरावती शहरात एकच गृहस्थ होते. आणि ते नेमके माझ्या मावसबहिणीचे सासरे निघाले. ताई त्यांना मामाजी म्हणे, म्हणून मीही मामाजीच म्हणू लागलो. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे भाऊजी, कचेरीत कारकून होते. कोणी म्हणाले, ‘तुमचा मुलगा जरा चिकटच आहे’, तर मामाजी मान हलवून म्हणत, “हाव, हाय थोडा.” कोणी म्हणाले, ‘तुमच्या सुनेच्या हातची भाजी आज खारट झाली’, तर म्हणत, “काल अळणी होती, आज वसूल केलं तिनं.” पण एकदा भाऊजींच्या कचेरीतल्या एका पाहुण्याने चहा पिता पिता सहज म्हटले, “घर जरा काळपट दिसते, नाही?” मामाजींनी त्याच्या हातातली बशी काढून घेतली. पाहुणा समजला की चहा पुन्हा भरून येणार. तो बराच वेळ हात तसाच धरून बसला होता.

आमचे गाव तेल्हाऱ्याच्या बाजूला. घरी भाजीपाल्याची बागाईत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कॉलेज म्हणजे काय, तिथे कसे बोलावे, कुठे बसावे, हे सांगणारे कोणी नव्हते. वडिलांनी ताईकडे राहण्याचे ठरवून दिले आणि मी एक पत्र्याची पेटी आणि वांग्यांचे पोते घेऊन दगडी ओळीसमोर उतरलो. मामाजी ओट्यावर बसले होते. त्यांनी माझे नाव विचारले नाही, कोणत्या वर्गात जाणार तेही विचारले नाही. म्हणाले, “गावचं घर कायचं हाय तुयं?”

मी घाबरत सांगितले, “मातीचं. वर धाबं आहे.”

“मंग काई हरकत नाई. माती इमानदार असते. इटीचं असतं तं तुले पोत्यासकट वापस धाडलं असतं. ईट काय हाय? भेवानं लाल झालेली माती.”

अशा रीतीने माझा त्या घरात प्रवेश झाला. वांग्यांकडे त्यांनी नंतर पाहिले.

दगडी ओळ म्हणजे काही फार मोठे प्रकरण नव्हते. मागच्या शतकात वऱ्हाडच्या कापसाला जेव्हा अचानक सोन्याचा भाव आला, तेव्हा एका इंग्रज कंपनीने आपल्या कारकुनांसाठी बांधलेली ती नऊ घरे, एकमेकांना चिकटून एका रांगेत उभी. दोन घरांमध्ये भिंत एकच. पुढे काळा घडीव दगड, प्रत्येक दारावर एक छोटी कमान, वर कवेलूंचे छप्पर, आत एकामागे एक तीन खोल्या आणि मागे हात धुवायला पुरेल एवढे अंगण. नऊही घरांपुढून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सलग दगडी ओटा. कंपनी केव्हाच निघून गेली, ओळ नागपूरच्या एका घराण्याने विकत घेतली, आणि आत राहणारे सगळे भाडेकरू. मामाजीही भाडेकरूच. त्यांचे वडील कंपनीत जमादार होते, मामाजी स्वतः कापूस बाजारात काट्यावर मापारी होते, आणि दोघांचेही आयुष्य त्या ओळीच्या मधल्या घरात गेले. पण त्या ओळीतला एक खडासुद्धा त्यांच्या मालकीचा नाही, ही गोष्ट मला ओळीत राहून बरेच महिने झाल्यावर कळली, आणि तीही भाऊजींनी सांगितली. मामाजींना ती माहीत होती की नाही, मला शंकाच आहे.

ते ‘आमचं घर’ म्हणत तेव्हा त्यांच्या मनात नऊही घरे असत. कोणी टपालवाला नवीन आला आणि त्याने विचारले, “मामाजी, तुमचं घर कोणतं?” की ते दोन्ही हात पसरून दोन्ही टोके दाखवत. टपालवाला बिचारा कोणत्याही दारात पत्र टाकून जाई, आणि ते फिरत फिरत घरी येई. वाटेत सगळ्यांनी वाचलेले असे. माझ्या पहिल्या परीक्षेचा निकाल मला माझ्या आधी शेजारच्या काकूंनी सांगितला. काकू पलीकडच्या घरात एकट्या राहत आणि पापड-कुरडया करून विकत. सगळ्या ओळीत मामाजींना उलट बोलण्याची हिंमत त्यांनाच होती. “मामाजी, पोट्टं पास झालं,” त्या भिंतीपलीकडून ओरडल्या. “मले माहीत हाय,” मामाजी इकडून ओरडले, “दगडी घरात कोनी नापास होत नसते.” “मंग तुमचा लेक कावून झाला होता?” काकू म्हणाल्या. त्यावर भाऊजी मुकाट्याने टोपी घालून बाहेर गेले.

भिंतीत खिळा ठोकायची त्या ओळीत कोणाची छाती नव्हती. एकदा टोकाच्या घरात नवीन बिऱ्हाड आले. त्यांनी देवाची तसबीर लावायला हातोडी उचलली. मामाजी मधल्या घरात जेवत होते. पहिलाच घाव पडला आणि ते घास टाकून, स्वतःच्या कपाळाला हात लावून, तसेच उघड्या अंगाने धावत निघाले. त्या घरातल्या मंडळींना वाटले, म्हाताऱ्याला कोणी मारले. “अबे, देवासाठी कोनाडा देल्ला हाय ना बांधनाऱ्यायनं! तुया देवाले टांगून ठेवतं काय?” नवीन बिऱ्हाडकरू खजील झाला. तसबीर कोनाड्यात गेली. खिळ्याने पडलेल्या टवक्यावर मामाजी कितीतरी दिवस येता-जाता बोट फिरवून पाहत, जखम भरली की नाही अशा नजरेने. या कायद्याचा त्रास मलाही झाला. माझ्याकडे एकच कोट होता आणि तो टांगायला घरात खुंटीच नव्हती. मी तो रात्री घडी करून पेटीवर ठेवी, आणि सकाळी कॉलेजात पेटीच्या कडीचा ठसा पाठीवर घेऊन जाई. वर्गातली मुले हसत. मी मामाजींना भीत भीत हे सांगितले. ते म्हणाले, “कोट दुसरा शिवता येते.”

दिवाळीत सगळे शहर चुन्याने पांढरे होई, पण ओळ काळीच राही. कोणी चुन्याची बादली आणलीच तर मामाजी त्याला विचारत, “सावळ्या पोरीच्या तोंडाले पीठ लावून लगन जमवतं काय बाप्पा?” त्याऐवजी दसऱ्याच्या आधी ते स्वतः नारळाच्या काथ्याने आणि पाण्याने साऱ्या ओळीचे दगड धूत. पहिल्या घरापासून सुरुवात करत आणि शेवटच्या घरापर्यंत पोचेतो पहिले पुन्हा मळे. दसऱ्याला सोने वाटायला निघताना पहिले आपट्याचे पान ते दाराच्या कमानीवर ठेवीत, दुसरे मुलाला देत. भाऊजींना याचे वाईट वाटत असावे, पण ते कधी बोलले नाहीत. त्या टोकाच्या बिऱ्हाडाने एकदा ओट्यावर आपल्या दारापुरता बांबूचा तट्टा लावला, बायकांना आडोसा म्हणून. मामाजी भांडले नाहीत. रोज संध्याकाळी ते त्या तट्ट्याला टेकून बसू लागले. तट्टा रोज थोडा कलू लागला. काही दिवसांनी तट्टा लावणारानेच तो काढून चुलीत घातला. “पडला असता कोनाच्या अंगावर,” मामाजी सहानुभूतीने म्हणाले.

भुलाबाईच्या दिवसांत त्या सलग ओट्याची खरी किंमत मला कळली. मुली एका दारापासून गाणी म्हणत सुरुवात करीत आणि बसल्या जागेवरून नुसत्या सरकत सरकत नऊ घरांच्या भुलाबाई आटोपत. खाऊ काय आहे ते ओळखायची वेळ आली की मामाजी मध्ये तोंड घालत. ते बरोबर ओळखत, कारण कोणत्या घरात काय शिजते ते त्यांना भिंतीवरून कळे असे त्यांचे म्हणणे होते. मुली चिडत. काकू म्हणत, “म्हातारपनी भुलाबाईत बसता, लाज नाई वाटत?” “मी कुठी बसलो? ओटा माह्याखाली आला,” असे मामाजींचे उत्तर असे.

माझ्या दुसऱ्या वर्षी आमच्या प्रोफेसरांनी ‘आपल्या प्रांतातील पाहण्यासारख्या इमारती’ यावर निबंध लिहायला सांगितला. बाकीच्या मुलांनी देवळे, किल्ले, मनोरे लिहिले. मी इतर काही पाहिलेच नव्हते, म्हणून दगडी ओळीवर लिहिले. मोठ्या उत्साहाने लिहिले. प्रोफेसर रागावले नाहीत. चांगले गृहस्थ होते. ते एवढेच म्हणाले, “भाषा बरी आहे. पण ही इमारत नव्हे हो, ही राहण्याची सोय आहे.” मी घरी येऊन हे सांगितले, तेव्हा मामाजी खऱ्याखुऱ्या कुतूहलाने म्हणाले, “मंग इमारत म्हंजे काय? राहाची गैरसोय?” मला तेव्हा हसू आले. आता वाटते की प्रोफेसरांचेही चूक नव्हते. किल्ल्याला नाव असते, देवळाला देव असतो. साध्या माणसांनी राहावे म्हणून नीट बांधलेल्या साध्या घरांना काहीच नसते. राहणारी माणसे असतात, तोवर ती असतात. हे मला तेव्हा लिहायला सुचले नाही.

मामाजींचा सर्वांत मोठा शौक म्हणजे पाहुण्याला दुपारी झोपवणे. वैशाखात अमरावतीचे ऊन कसे असते ते सांगायला नको. रस्त्यावरचे कुत्रेसुद्धा सावली बदलायला उठत नाही. अशा वेळी ओळीत कोणीही आला, ओळखीचा, बिनओळखीचा, भांडायला आलेला, मामाजी त्याला आत घेत, रांजणातले पाणी देत, त्याचा हात धरून भिंतीला लावत, “पाह्य, पाह्य कसा थंडा हाय!” असे म्हणत, आणि मग मधल्या खोलीत फरशीवर आडवे करीत. झोप येत नसली तरी झोपावे लागे. उठल्यावर अभिप्राय द्यावा लागे. ‘चांगली झोप लागली’ एवढे चालत नसे. दगडाचे नाव त्यात यावे लागे. एक सायकलवरचा विमा एजंट तीनदा येऊन तीनदा झोपून गेला. विमा कोणाचाच उतरला नाही.

मग एक दिवस नागपूरहून निरोप आला की मालकांच्या मुलांना ओळ विकायची आहे. जुने मालक वारले होते, मुलांच्या वाटण्या व्हायच्या होत्या. अमरावतीतलाच एक जण ती जागा मागत होता. त्याला तिथे सिनेमाचे थेटर उभारायचे होते. ओळ पाडून, मलबा खड्ड्यात टाकून, वर पत्रे. ही बातमी आली त्या दिवशी मामाजी ओट्यावर आलेच नाहीत. ताईने जेवायला बोलावले तर म्हणाले, “तुमी जेवा. मी भिंतीजवळ बसतो.” जुने मालक मामाजींना मानत. ओळीची देखरेख इतकी वर्षे त्यांच्याकडेच होती. म्हणून थोरल्या मुलाने एवढे सांगून पाठवले होते की, तुम्हाला दुसरे कोणी बरे गिऱ्हाईक माहीत असेल तर आणा, त्याच किमतीत आम्ही त्याला देऊ. झाले. त्या दिवसापासून मामाजी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडे संभाव्य मालक म्हणून पाहू लागले. दूधवाल्यालासुद्धा त्यांनी विचारले. तो म्हणाला, “मामाजी, म्हशीसकट येतो.” मामाजी क्षणभर विचारात पडलेले मी पाहिले.

आणि नेमके तेव्हा अकोल्याचे एक जिनवाले, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याचे, शेठ आपल्या मोटारीतून बाजाराकडे जात असताना, बरोबर आमच्या ओट्यासमोर त्यांच्या मोटारीचे पाणी उकळले. दुपारचे ऊन. मोटार धूर सोडते आहे, ड्रायव्हर घाबरला आहे, शेठ रुमालाने मान पुसत आहेत. मामाजींनी मला मोटारीसाठी पाणी घेऊन पाठवले आणि शेठना आत नेले. रांजण, भिंत, फरशी, सगळे यथासांग झाले. शेठ तिथे चांगले दोन तास घोरले. मोटार केव्हाच थंड झाली होती; ड्रायव्हर बाहेर भोंगा वाजवायला धजत नव्हता. शेठ उठले, बसले, पाठीमागचा दगड त्यांनी चाचपला, आणि मामाजींनी न विचारताच म्हणाले, “मामाजी, माह्या बंगल्यात पंखा हाय, पन असी झोप मले बारा महिने लागत नाई. काय पत्थर हाय हा!”

मामाजींच्या डोळ्यांत पाणी आले. मी पाहिले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो माणूस असा मोटारीतून उतरला होता. त्यांनी शेठना उन्हात उभे करून दगड न् दगड दाखवला. टाकीचे घाव दाखवले, सांधे दाखवले, कमान कशी बसवली ते दाखवले. “असा दगड आता वऱ्हाडात कुठी भेटत नाई,” हे त्यांनी किती वेळा सांगितले ते सांगता येणार नाही. शेठ मनापासून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, “मालक कोन हाय याचा?” मामाजींनी पहिल्यांदाच दोन्ही हात पसरले नाहीत. त्यांनी नागपूरचा पत्ता सांगितला.

मी मामाजींबरोबर नागपूरला गेलो. त्यांनी थोरल्या मुलाला शेठची झोप इतकी रंगवून सांगितली की तो म्हणाला, “काका, तुम्ही म्हणता तर शेठलाच देऊ. थेटरवाला गेला.” परतताना बडनेऱ्यापर्यंत मामाजी खिडकीशी बसून गाणे गुणगुणत होते. मी त्यांना गुणगुणताना त्याआधी कधी ऐकले नव्हते, आणि ऐकल्यावर त्याचे कारणही कळले. काकूंना बातमी सांगितली तेव्हा त्या पापड लाटता लाटता म्हणाल्या, “शेठ राहाले येनार हाय काय अथी?”

“येईन ना. उन्हाळ्याचा झोपाले येईन.”

“आन् हिवाळ्याचा?”

“तुले तं लगनातबी मयताचं सुचते,” मामाजी म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी साऱ्या ओळीला बत्तासे वाटले.

पाऊस संपून जमीन वाळल्यावर अकोल्याहून एक मिस्त्री आला. त्याच्याबरोबर माणसे होती, आणि मागे रिकाम्या बैलगाड्यांची रांग. मामाजींना वाटले, कवेलू फेरायला आले. त्यांनी मिस्त्रीला ओट्यावर बसवून चहा दिला, कोणत्या घराची गळती कुठे आहे ते सांगू लागले. मिस्त्री भला माणूस होता, ऐकून घेत होता. मग बशी खाली ठेवून म्हणाला, “शेठनं बजावून सांगतलं हाय मामाजी. दगड अल्लाद काढजा. एकबी तुटाले नाई पायजे.”

“अगदी बराबर,” मामाजी समाधानाने मान हलवत म्हणाले, “एकबी तुटाले नाई—” आणि तिथे ते थांबले. ‘काढजा’ हा शब्द त्यांच्यापर्यंत मागाहून पोचला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही अकोल्याला गेलो. शेठनी आदराने गादीवर बसवले. त्यांना खरोखरच काही कळेना. “मामाजी, तुमीच तं म्हनलं, असा दगड भेटत नाई. म्हनून तं घेतलं मी. नवा बंगला बांधून राह्यलो त्याचा. तो थेटरवाला तं फोडून खड्ड्यात टाकत होता, मी एक एक सांभाळून आनून राह्यलो. माह्यं काई चुकलं काय?” त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. भांडायला आलेल्या माणसाला भांडणच सापडेना, असे मामाजींचे झाले. “नाई,” ते म्हणाले, “तुमचं काई चुकलं नाई.” गाडीत मामाजी खिडकीशी बसले, मूर्तिजापूर मागे पडले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मी त्याले दगड दाखवला. ओळ दाखवाची राह्यली.”

भाडेकरूंनी एक एक करून खोल्या शोधल्या आणि बिऱ्हाडे हलवली. ज्या क्रमाने घरे रिकामी झाली त्या क्रमाने मिस्त्रीने काम केले. टोकाचे घर उतरले, मग त्याच्या शेजारचे. तेव्हा जे दिसले त्याची कोणी कल्पना केली नव्हती. घर गेले की मधली भिंत उघडी पडे, आणि गेलेल्या बिऱ्हाडाचा सारा संसार रस्त्यावर दिसे: चुलीमागचा काजळीचा पट्टा, देवाच्या कोनाड्यातले कुंकवाचे बोट, मुलांची उंची मोजलेल्या कोळशाच्या रेघा. रस्त्यावरून जाणारी माणसे थांबून पाहत. काकूंच्या स्वयंपाकघराची भिंत अशी उघडी पडली त्या दिवशी मी कॉलेजातून आलो, तर मामाजी मलब्यावर उभे होते आणि भिंतीसमोर दोन्ही हातांनी आपले धोतर पडद्यासारखे पसरून धरले होते. अंगावर नेसूचे दुसरे होते म्हणून बरे. मिस्त्रीची माणसे हसत होती. मी म्हणालो, “मामाजी, हे काय?”

“बाईचं सैपाकघर हाय. लोकं पाहून राह्यले.”

काकू सामानाच्या बोचक्यावर बसल्या होत्या. नेहमीसारखे काहीतरी टोचून बोलतील असे मला वाटले. त्यांनी पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, “मामाजी, खाली या. दुखतीन हात.” मामाजी उतरले नाहीत. शेवटी मी दुसरे टोक धरले. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघे तसे उभे होतो. कॉलेजच्या पोशाखात मला तिथे कोणी ओळखीचे पाहिले असते तर, हा विचार माझ्या मनात आलाच नाही असे म्हणणार नाही. पण मी उभा राहिलो.

मधले घर सर्वांत शेवटी उतरले. तोवर भाऊजींची बदली अकोल्याला झाली होती. आजूबाजूचे काही उरले नव्हते. ते एकटे घर दोन्ही बाजूंनी उघडे पडल्यावर इतके अरुंद आणि उंच दिसत होते की, हे आपले घर होते यावर माझा विश्वास बसेना. मी मुलांच्या बोर्डिंगात राहायला गेलो. काकू भाजीबाजाराकडे कुठेतरी गेल्या. बाकीची बिऱ्हाडे कुठे गेली, मला माहीत नाही.

यंदा दिवाळीच्या सुटीत गावी जाताना मी अकोल्याला उतरलो. भाऊजींनी नव्या वस्तीत माडीवर दोन खोल्या घेतल्या आहेत. सिमेंटच्या भिंती, त्यांना हिरवा रंग, आणि रंगीत कॅलेंडरे. खिळे जागोजागी होते. मामाजी खाटेवर बसले होते. वाळले होते. त्यांनी माझ्या अभ्यासाची चौकशी केली, वडिलांच्या बागाइतीची चौकशी केली, पावसाची केली. माझा कोट काढून त्यांनी स्वतः खिळ्याला टांगला. मला वाटले होते ते काहीतरी बोलतील, विटेला, सिमेंटला, रंगाला नावे ठेवतील, आणि मी हसेन. त्यांनी ताईला चहा ठेवायला सांगितला. ताईने आत स्वयंपाकघरात मला हळूच सांगितले की शेठचा बंगला स्टेशनच्या रस्त्यावर उभा राहिला आहे, शेठनी वास्तुशांतीला मोटार पाठवली होती, पण मामाजी गेले नाहीत. आता बाजारात जायचे तरी ते लांबच्या गल्लीने फिरून जातात.

संध्याकाळी ते मला तेल्हाऱ्याच्या मोटारीपर्यंत पोचवायला आले. लांबच्याच गल्लीने आलो. मोटार भरायला वेळ होता. पान-तंबाखूच्या दुकानापुढे आम्ही उभे होतो. मामाजी रस्त्याकडे पाहत म्हणाले, “टेसनावरून आला असशीन तू.”

“हो.”

“मंग पाह्यला असशीन.”

मी सांगितले, पाहिला. खोटे कशाला बोलायचे, बंगला सुंदर आहे. दगड तोच, कमानी त्याच, मिस्त्रीने खरेच एकही तुटू दिला नाही. पुढे बाग आहे, मागे बाग आहे, चहूबाजूंनी तारेचे कुंपण आहे. मी म्हणालो, “चांगला दिसतो, मामाजी.”

“चांगला दिसीनच. दगडच तसा हाय.” त्यांना बरे वाटलेले दिसले. क्लीनर ओरडू लागला, मी पेटी वर चढवली आणि खिडकीशी बसलो. मामाजी खिडकीखाली आले. त्यांना आणखी काही विचारायचे होते आणि विचारावे की नाही हे ठरत नव्हते, असे वाटले. मोटारीचे इंजिन सुरू झाले, तेव्हा खिडकीच्या गजाला धरून ते म्हणाले, “चारी बाजूनं मोकया असीन ना तो?”

“हो मामाजी. चारी बाजूंनी मोकळा आहे.”

“कोनालेच लागून नाई?”

“नाही,” मी म्हणालो. ते ‘हाव’ म्हणाले, आणि त्यांनी गज सोडला.